सोळ्यातला सोळा नंबर

जयपालआण्णा मगदूम निवृत्त होऊन चौदा महिने झाले होते. एवढ्या दिवसांत त्यांना ऑफिसची आठवण एकदाही आली नव्हती. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मात्र ती आली आणि चांगलीच आली. इन्कम टॅक्सचा रिटर्न भरायचा होता.

पाटबंधारे खात्यात असताना हा प्रश्नच नव्हता. तिथे भाऊसो नावाचा क्लार्क सगळ्यांचे रिटर्न भरायचा. माणशी दोनशे रुपये आणि एक प्लेट भेळ. पण भाऊसोची बदली कोयनानगरला झाली, आणि तिथल्या पावसात त्याचा फोन आठवड्यातून एकदा लागला तर लागायचा. तसा तो एकदा लागला.

"सायब, ऑफिसनं कापलाय, बँकेनं ठेवीवर कापलाय, सगळा परत येतोय बगा. अठ्ठावीस हजाराच्या वर. फकस्त एकतीस तारखेच्या आत भरा, न्हाईतर पाच हजार दंड आन्..."

पुढचं कोयनेच्या पावसात वाहून गेलं.

आण्णांच्या पत्नी शालनकाकू तेव्हा भाकरी थापत होत्या. स्पीकरवरचा आकडा ऐकून त्यांचा हात थांबला.

"म्हंजे माझी खिडकी झाली," त्या म्हणाल्या.

सांगलीत विश्रामबागेत घर बांधताना आण्णांनी विटा मोजून घेतल्या होत्या, सळ्या वजन करून घेतल्या होत्या. फक्त स्वयंपाकघराला खिडकी ठेवायची राहून गेली. बावीस वर्षं काकू भर दुपारी दिवा लावून आमटी ढवळत होत्या. गवंड्याने भिंत फोडून, चौकट-जाळीसकट सव्वीस हजार सांगितले होते. आण्णा दर वर्षी म्हणायचे, "बघूया." आता बघायला अठ्ठावीस हजार येत होते, आणि ते आले की खिडकीलाच, असा शब्द आण्णांनी तिथल्या तिथे दिला. भाकरी तव्यावर होती, काकू रोखून बघत होत्या, दुसरा शब्द देणं शक्यच नव्हतं.

"मग गोमटेशला द्या की भरायला. खालीच तर हाय."

गोमटेश आण्णांचा पुतण्या. खालच्या मजल्यावर राहायचा आणि सीझनमध्ये लोकांचे रिटर्न भरून द्यायचा. काकाला फुकट भरून दिला असता.

"गोमटेशला कळलं की त्याच्या बायकूला, रूपालीला कळणार. रूपालीला कळलं की मिरजेत तिच्या आईला. आन् तिच्या आईला कळलं की..."

"बरं, भरतेशला द्या. वखारभागात एवढं मोठं ऑफिस हाय त्याचं. सीए हाय."

"भरतेश? अगं, सवाल कोण पुकारतंय मंदिरात? भरतेशच न्हवं? त्यानं माझ्या ठेवीचा आकडा बघितला तर पुकारताना दुसरीकडं बघंल का त्यो?"

दुखणं हे होतं. मंदिरात आरती कुणी करायची, अभिषेक कुणी करायचा, हे सवालावर ठरायचं. एकाने रक्कम बोलायची, दुसऱ्याने चढवायची, जो सगळ्यात वर जाईल त्याचा मान. आण्णांची यात एक जुनी युक्ती होती. भरतेशने पुकारा केला की ते सगळ्यांच्या आधी खणखणीत आवाजात म्हणत, "अकराशे एक!" पुढच्या मिनिटाला कुणीतरी पाच हजार म्हणे, मग दहा, मग एकवीस. आण्णा शांतपणे खाली बसत. पहिला आवाज मगदूम आण्णांचा असतो, एवढं नाव पंचवीस वर्षं झालं होतं आणि खर्च शून्य. निवृत्तीचे पैसे ठेवीत पडलेत हे कळलं असतं, तर अकराशे एकवर कुणी खाली बसू दिलं नसतं.

"मग मोबाईलवर तुमचं तुमी भरा."

तेही करून झालं होतं. पासवर्ड भाऊसोने ठेवलेला होता, त्यालाच ठाऊक होता.

शेवटी आण्णांनी असा माणूस शोधला की ज्याला सांगलीतलं कुणी ओळखत नाही. हरिबा कोळेकर कालव्यावर त्यांच्या हाताखाली होता. मूळचा आटपाडीकडचा, निवृत्तीनंतर लेकीजवळ साताऱ्यात राहत होता. लेक माया पोवई नाक्याजवळ हेच काम करायची.

"या की सायब," हरिबा फोनवर म्हणाला. "आमच्या मायाचं तोंड म्हंजे कुलूप. मी तिचा बाप, मला सांगत न्हाई कुणाचं किती ते."

एकोणतीस तारखेला सकाळी आण्णा एसटीत बसले. खाली गोमटेशने विचारलं, "काका, कुठं?" आण्णा म्हणाले, "शिराळ्याला. एक मयत झालीय." आपला रिटर्न गुप्त ठेवण्यासाठी त्यांनी शिराळ्यात एक माणूस मारला, याचं त्यांना इस्लामपूर येईपर्यंत थोडं वाईट वाटत होतं.

माया तिशीची, चष्मेवाली, कामाची. तिने चहा मागवला, पॅन घेतलं, आधार घेतलं, बँकेचे कागद लावून ठेवले.

"फॉर्म सोळा द्या, काका."

आण्णांनी पिशवी उलटी केली. डबा निघाला, छत्री निघाली, पाण्याची बाटली निघाली. त्यांनी घरी फोन लावला.

"शालन, सोळा नंबरचा कागद कुठाय?"

"सोळ्यात."

"अगं सोळा नंबरचाच म्हणतोय. ठेवलायस कुठं?"

"त्येच सांगतेय की. सोळ्यात ठेवलाय."

आण्णांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. माया आणि हरिबा त्यांच्याकडे बघत राहिले, कारण त्या दोघांच्या घरी सोळा हा फक्त पंधराच्या पुढचा आकडा होता.

मगदुमांच्या घरी तसं नव्हतं. तिथे सोळं म्हणजे सोवळं. जैन मुनिमहाराजांच्या आहाराचा, म्हणजे चौक्याचा, स्वयंपाक ज्या कपड्यांत करायचा ते कपडे गाळलेल्या पाण्यात धुऊन, कुणाचा स्पर्श न होता वाळवून एका पत्र्याच्या पेटीत ठेवलेले असत. पेटीला हात लावायचा तो डोक्यावरून अंघोळ करून. आठवड्यापूर्वी आण्णांनी प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काकूंपुढे धरला होता. "सोळाचा कागद हाय. जपून ठेव. कुणाच्या हाताला लागू देऊ नगंस." काकूंना वाटलं, मंदिरातून आहाराची काहीतरी यादी आली असेल. दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर त्यांनी ती पिशवी वरून धुतली, पुसली आणि साड्यांच्या तळाशी ठेवली. इतका जपलेला फॉर्म सोळा त्या वर्षी सबंध जिल्ह्यात दुसरा नसेल.

"काढ आन् फोटो पाठव."

"आवं, मी चहा-पोहे खाऊन बसलेय. तशीच हात घालू? उद्या चौका लावलाय मी! पेटी बाटली तर सगळे कपडे परत धुवायचे. ह्या हवेत वाळणार हायत का सकाळपातुर? चातुर्मासात महाराज दारावरनं जायचे आन् मी आत ओल्या साडीकडं बघत बसायचं?"

"मग अंघोळ कर."

"करते. पण सोळ्यात फोनला हात लावणार न्हाई."

"मग फोटो?"

साताऱ्यात हरिबाने हळूच विचारलं, "वहिनीस्नी ताप-बिप आलाय का?"

शेवटी काकूंनी जिन्यातून हाक मारली आणि रूपाली वर आली. जिला कळू नये म्हणून आण्णा सव्वाशे किलोमीटर गेले होते, तीच रूपाली.

काकूंनी डोक्यावरून अंघोळ केली, पेटीतली एक साडी नेसली, कागद काढला आणि देवघराच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. केस ओले, पाणी गळतंय, कपाळावर कुंकू नाही, दोन्ही हातांत कागद छातीशी धरलेला. रूपाली उंबऱ्याच्या बाहेर चार हातांवर, काकूंचा फोन घेऊन.

"काकू, जरा वर धरा. चकाकतंय."

"लवकर काढ गं. हात भरून आलं."

"झालं. काय लिहू खाली?"

"लिही, अर्जंट हाय. दोनच दिवस ऱ्हायल्यात."

"कुणाला पाठवू?"

"ह्यास्नीच. 'आहो' म्हणून नाव हाय बघ."

नाव काकूंनी स्वतः टाकलं होतं. पण शुद्धलेखनाप्रमाणे 'अहो' टाकायचं तिथे त्यांनी 'आहो' टाकलं होतं. त्या एका कान्याने घात केला. रूपालीने 'आह' एवढं टाकलं, वर पहिलंच जे आलं त्यावर बोट ठेवलं आणि फोटो गेला. पहिलं आलं होतं ते 'आहारदान महिला मंडळ, सांगली'. दोनशे चौदा सभासद.

साताऱ्यात आण्णा फोनकडे बघत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग फोन वाजला, पण तो भरतेशचा होता. भरतेशचा आवाज एरवी सवाल पुकारून पुकारून फाटलेला असायचा. आज तो साजूक तुपासारखा येत होता.

"आण्णा, बसलाय न्हवं? बसूनच ऐका. आमच्या हिनं आत्ता फोनवरनं फोटोचं सांगितलं."

"कसला फोटो?"

"वहिनींचा. कागद धरलेला. आण्णा, इतकी वर्षं कधी बोलला न्हाई तुमी. एक लाख अठ्ठावन्न हजारांत वर्ष काढायचं म्हंजे..." भरतेशने नाक ओढलं. "दोन दिवसांत काय करायचं असंल त्ये सांगा. समाज हाय पाठीशी."

आण्णांना आधी काहीच कळलं नाही. मग हळूहळू सगळं कळलं, आणि कळत गेलं तसं न कळलेलं बरं होतं असं वाटू लागलं. आण्णा गेल्या वर्षी मे अखेरीस निवृत्त झाले होते. ऑफिसने फॉर्म सोळात एप्रिल आणि मे, दोनच महिन्यांचा पगार दाखवला होता. तो आकडा सांगलीतल्या दोनशे चौदा बायकांनी वर्षाचा पगार म्हणून वाचला होता.

"अरे भरतेश, त्यो दोन..." आण्णांनी तोंड उघडलं आणि तिथेच मिटलं. 'तो दोनच महिन्यांचा पगार आहे' म्हटलं, की बाकीच्या दहा महिन्यांचं काय, हा प्रश्न आला. मग पेन्शन आली, पेन्शनमागून ठेव आली.

"दोन काय, आण्णा?"

"दोन... दोन दिवस बरं वाटंना झालंय," आण्णा म्हणाले.

"अरारा," भरतेश म्हणाला.

मायाने सगळं ऐकलं होतं. "राहू द्या काका तो कागद," ती म्हणाली. "नसला तरी चालतंय. पगार, ठेव, व्याज, सगळं साईटवर आधीच आलेलं असतं."

"सरकारला आधीच ठाऊक हाय?"

"हो."

"मग आमास्नी कशाला विचारत्यात?"

"खरं सांगताय का बघायला."

ज्या कागदापायी सांगलीत त्यांची लाज चव्हाट्यावर आली, तो लागतच नव्हता.

"फक्त पासवर्ड नवा करायला ओटीपी येईल. आधारला कुठला नंबर आहे?"

तो घरातला जुना नंबर होता, म्हणजे आता काकूंचा. मायाने ओटीपी पाठवला. आण्णांनी घरी फोन लावला, तो व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. मंडळाच्या बायका एकेक करून काकूंना धीर देत होत्या. फोन रूपालीने काकूंच्या कानापासून वीतभर लांब धरला होता, आणि काकू सोळ्यात उभ्या राहून "न्हाई ओ, तसं काय न्हाई ओ" म्हणत होत्या. ते ऐकून बायका आणखीच रडवेल्या होत होत्या. तीन ओटीपी आले आणि तसेच मेले.

संध्याकाळी आण्णा रिटर्न न भरताच घरी आले, तर ओट्यावर दोन किलो गूळ, बासमतीची पिशवी, तुपाची बरणी आणि कुणीतरी दिलेलं साईचं दही ओळीने मांडलेलं. काकू खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आण्णांनी आजवर न पाहिलेलं काहीतरी होतं.

"परत दिलं न्हाईस?"

"घेईनात. म्हणाल्या, उद्याच्या आहाराला लागंल. आन् काय काय म्हणाल्या! 'शालनकाकू, एवढ्याशा पगारात पोरगी शिकवून लगीन लावलंसा. घर बांधलंसा. कवा तोंडातनं शब्द न्हाई.' तीस वर्षांत मला असं कुणी म्हणालं न्हवतं."

"अगं पण खोटं हाय ते!"

"पगार खोटा हाय. मी केलेलं खरंच हाय की."

आण्णा येरझाऱ्या घालू लागले. "मी काय भिकारी हाय? मी सांगणार सगळ्यांस्नी. दोन महिन्यांचा पगार हाय म्हणून."

"सांगा," काकू म्हणाल्या. "ठेवीचंबी सांगा."

आण्णा येरझाऱ्या घालायचे थांबले.

रूपाली कप घेऊन वर आली. मान खाली होती. "काका, माझ्यानंच झालं. चुकलं माझं. रिटर्न मी भरून देऊ का?"

"तू? गोमटेश भरतोय न्हवं?"

"ह्यांच्या गिऱ्हाइकांचे मीच भरते की, काका. लग्नाआधी दोन वर्षं मिरजेत सीएकडं होते. हे नुसते सही घेतात आन् चहा पितात."

गोमटेश तिच्या मागे जिन्यात उभा होता. त्याने छताचा पंखा निरखून बघितला.

ओटीपी काकूंच्या फोनवर आला आणि काकूंनी तो स्वतः वाचून दाखवला. रूपालीने ठेवीचा आकडा बघितला. एकदा आण्णांकडे बघितलं, एकदा काकूंकडे बघितलं, आणि पुढचं पान उघडलं. अठराव्या मिनिटाला रिटर्न भरून झाला. अठ्ठावीस हजार सहाशे परत.

"काका," ती उठताना म्हणाली, "आईला मी सगळंच सांगत नसते."

आण्णांनी तिला सातारचे कंदी पेढे दिले. मग पिशवीकडे बघून त्यांना आठवलं की आपण शिराळ्याला मयतीला गेलो होतो. रूपाली हसली आणि तेही कुणाला म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी महाराज गल्लीतून आले आणि मगदुमांच्याच दारासमोर थांबले. काकूंचा चौका लागला, आहार निर्विघ्न पार पडला. बाहेर बायका डोळे पुसत होत्या. "बघितलंसा? थांबले ते कुणाच्या दारात थांबले!"

खरा प्रसंग आला तो रविवारी, मंदिरात. प्रवचन संपलं, भरतेश उठला. महाआरतीचा सवाल. मागच्या साली हा मान एकवीस हजारांना गेला होता.

आण्णा नेहमीच्या खांबाजवळ बसले होते. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांनी बघितलं की दुसरीकडे बघत होते. शेजारच्याने त्यांच्यासाठी स्वतःहून सतरंजीची घडी सरकवली. सवाल आपल्याकडे येऊ नये म्हणून ज्यांनी साताऱ्याची वाट धरली, त्या आण्णांकडे आज कुणी सवाल आणणारच नव्हतं. ते त्यांच्या अपेक्षेपेक्षा फार जड गेलं.

"बोला, महाआरती!" भरतेशने पुकारा केला. मग आवाज उतरवून म्हणाला, "मगदूम आण्णा, तुमी काय मनाला लावून घेऊ नका. बसून ऱ्हावा."

हे ऐकलं आणि आण्णा उभे राहिले. पंचवीस वर्षांच्या सवयीने, पण एरवीपेक्षा दुप्पट मोठ्याने, ते म्हणाले, "अकराशे एक!"

आणि खाली बसायच्या तयारीत थांबले. आता कुणीतरी पाच हजार म्हणणार होतं.

कुणी म्हणालं नाही.

मागच्या साली एकवीस हजार बोललेले साखरेचे व्यापारी हात जोडून बसले होते. त्यांच्या मुलाने तोंड उघडलं, तर बापाने त्याच्या मांडीवर चापट मारली. बायकांच्या बाजूने कुणीतरी हुंदका दिला.

"अकराशे एक, एक वार," भरतेश म्हणाला. सभामंडपात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. आण्णांनी चहूकडे बघितलं. चढवा रे कुणीतरी, असं त्यांचे डोळे म्हणत होते. लोकांनी ते डोळे बघितले आणि त्यांना आणखीच भरून आलं.

"दोन वार. तीन वार! महाआरती, श्रीमान जयपाल मगदूम आणि सौभाग्यवती शालनवहिनी!"

एवढ्या टाळ्या एकवीस हजारांनाही पडल्या नव्हत्या.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आण्णांनी आरतीचं ताट हातात घेतलं. पलीकडची बाजू काकूंनी धरली. दिव्यांच्या उजेडात आण्णांनी बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा इतका नीट आपण घरात कधी बघितलाच नाही, असं त्यांना वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की ती घरात दिवसभर असते ती त्या बिनखिडकीच्या खोलीत.

चालत घरी येताना आण्णा चौक ओलांडल्यावर म्हणाले, "उद्याच गवंड्याला बोलवतो. परतावा येईल तवा येऊ दे."

काकूंनी मान डोलावली. मग जरा पुढे गेल्यावर म्हणाल्या, "त्यो कागद मी परत सोळ्यातच ठेवलाय बरं का. पुढल्या सवालाला लागंल."

आण्णा थांबले. त्यांना रागवायचं होतं. पण एकवीस हजारांतून अकराशे एक वजा करायची सवय काही निवृत्त झाली नव्हती.

"ठेव," ते म्हणाले. "पण 'आहो'चं स्पेलिंग बदलू नगंस."